आकड्यामागचे काम ओळखा: व्यावसायिक रोड सायकलिंगमध्ये संघाचा फॉर्म कसा वाचावा

२६ ऑगस्ट २०२३ रोजी बार्सिलोनात व्हुएल्टा ही स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत सुरू झाली, तेव्हा युम्बो-व्हिस्मा संघाच्या सेप कुस या अमेरिकन सायकलपटूच्या नावापुढे त्या वर्षातल्या दोन मोठ्या शर्यतींचे निकाल नोंदलेले होते. इटलीच्या जिरोमध्ये तो चौदावा आला होता आणि टूर डी फ्रान्समध्ये बारावा. केवळ हे दोन आकडे पाहणाऱ्या माणसाने त्याला बऱ्यापैकी, पण विजेतेपदाच्या आसपासही नसलेला खेळाडू ठरवले असते. तीन आठवड्यांनी माद्रिदमध्ये कुस विजेता म्हणून उभा होता, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर योनास विंगेगार्ड आणि प्रिमोझ रोग्लिच हे त्याच्याच संघातले दोघे होते.

आकडे खोटे नव्हते, ते अर्धेच वाचले गेले होते. जिरोमध्ये कुस रोग्लिचसाठी राबत होता आणि रोग्लिचने ती शर्यत अवघ्या १४ सेकंदांनी जिंकली. टूरमध्ये तो विंगेगार्डसाठी चढणींवर वेग धरत होता आणि विंगेगार्ड ७ मिनिटे २९ सेकंदांच्या फरकाने जिंकला. दुसऱ्याचे काम पूर्ण करून, आपली वेळ संपल्यावर बाजूला होऊन, तरीही जो चौदावा आणि बारावा येतो, त्याच्या पायांत किती ताकद असेल, हा प्रश्न विचारला असता तर त्याच आकड्यांचा अर्थ पूर्ण बदलला असता.

क्रिकेटचे आकडे वाचण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असते. तिथे फलंदाजाची सरासरी त्याच्याविषयी पुष्कळ सांगून जाते, कारण प्रत्येक फलंदाज धावा काढण्यासाठीच मैदानात उतरतो. रोड सायकलिंगमध्ये सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या दीडशेहून अधिक सायकलपटूंपैकी बहुसंख्य त्या दिवशी स्वतः जिंकण्यासाठी आलेलेच नसतात. नव्याने हा खेळ पाहू लागलेल्या वाचकाने पहिल्यापासून हे एक सूत्र धरावे: आधी त्या दिवशीचे काम ओळखायचे आणि मग क्रमांक वाचायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सूत्रावर उभ्या आहेत.

पायरी १: शर्यत कोणत्या दर्जाची आहे ते पाहा

जागतिक सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, प्रत्येक शर्यतीला एक सांकेतिक खूण देते. खुणेतला पहिला अंक १ असेल तर शर्यत एका दिवसाची असते आणि २ असेल तर ती अनेक टप्प्यांची असते. त्यापुढचा भाग दर्जा सांगतो: सर्वांत वर वर्ल्डटूर, त्याखाली प्रो मालिका, मग ‘.१’ आणि शेवटी ‘.२’. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर ही २.२ दर्जाची, म्हणजे अनेक टप्प्यांची आणि सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीतली शर्यत होती. या श्रेणीत वर्ल्डटूरचे संघ भाग घेऊ शकत नाहीत. त्यामुळे अशा शर्यतीतला विजय आणि टूर डी फ्रान्समधला विजय एकाच रकान्यात मांडले गेले, तरी त्यांचे वजन एक धरता येत नाही.

दर्जाबरोबर रस्त्याचा स्वभावही पाहावा. पॅरिस-रूबे ही दगडी फरसबंदीच्या सपाट रस्त्यांची शर्यत आहे, लीज-बास्तोन-लीज बेल्जियमच्या टेकड्यांवरून जाते आणि लोम्बार्डिया इटलीच्या सरोवरांभोवतीच्या घाटांतून. एका शर्यतीत आलेला चाळिसावा क्रमांक दुसऱ्या शर्यतीविषयी फारसे काही सांगत नाही. म्हणून एखाद्या सायकलपटूचा फॉर्म तपासताना त्याच्या शेवटच्या दहा निकालांची सरासरी काढू नये. आगामी शर्यतीसारखा रस्ता असलेल्या शेवटच्या तीन-चार शर्यती वेगळ्या काढाव्यात आणि त्याच पाहाव्यात.

पायरी २: निकालाच्या तक्त्याची भाषा शिका

टप्प्याच्या निकालात प्रत्येकापुढे विजेत्यापासूनचा वेळेचा फरक लिहिलेला असतो. एकाच घोळक्यात शेवटच्या रेषेवर पोहोचलेल्या सर्वांना एकच वेळ दिली जाते, त्यामुळे सपाट टप्प्यात तिसरा आणि नव्वदावा यांच्यात एका सेकंदाचाही फरक नसू शकतो. अशा दिवशी एकूण क्रमवारीतला, म्हणजे सर्व टप्प्यांच्या वेळा मिळवून ठरणाऱ्या क्रमवारीतला, दावेदार पंचाहत्तरावा आला, तर त्याचे काहीही बिघडलेले नसते. तो सुरक्षित पोहोचला एवढाच त्याचा अर्थ होतो. उलट घाटाच्या माथ्यावर संपणाऱ्या टप्प्यात चौथ्या आणि पाचव्या क्रमांकामध्ये दीड मिनिटाची दरी असेल, तर तो एक क्रमांक फार मोठा असतो. म्हणून घाटाच्या टप्प्यात क्रमांकाआधी फरक वाचावा, आणि सपाट टप्प्यात क्रमांक वाचावा तो केवळ टप्पा जिंकण्यासाठी झटणाऱ्यांचाच.

मोठ्या शर्यतींत टप्प्याच्या पहिल्या तिघांना सहसा १०, ६ आणि ४ सेकंदांची वेळेची सवलत मिळते. सेकंद क्षुल्लक वाटतात, पण १९८९ ची टूर डी फ्रान्स ग्रेग लेमाँडने लॉराँ फिन्योंवर केवळ ८ सेकंदांनी जिंकली होती.

तक्त्याच्या तळाशी काही संक्षेप दिसतात. डीएनएस म्हणजे सुरुवातच केली नाही, डीएनएफ म्हणजे शर्यत अर्धवट सोडली आणि ओटीएल म्हणजे ठरलेल्या वेळेच्या मर्यादेबाहेर पोहोचला. एकदिवसीय शर्यतीतला डीएनएफ पाहून नवा वाचक हमखास फसतो. दोनशे किलोमीटरपैकी पहिले दीडशे किलोमीटर घोळक्याच्या तोंडाशी वारा अंगावर घेत ज्याने संघनायकाला सांभाळले, तो आपले काम संपल्यावर पुष्कळदा थेट संघाच्या बसकडे वळतो. त्याच्या नावापुढचा डीएनएफ हे उत्तम दिवसाचे लक्षण असू शकते. तीन आठवड्यांच्या शर्यतीतला डीएनएफ मात्र बहुधा आजार किंवा अपघात सांगतो, आणि त्याची तारीख वहीत टिपून ठेवावी, कारण पुढचे दोन महिने ती उपयोगी पडते.

पायरी ३: त्या दिवशी कोण कोणासाठी राबत होते?

हे समजण्यासाठी आधी हवेचे गणित लक्षात घ्यावे लागते. सपाट रस्त्यावर वेगाने सायकल चालवताना बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, आणि दुसऱ्याच्या चाकामागे राहणाऱ्याला तीच गती बऱ्याच कमी श्रमात मिळते. हा खेळ संघाचा झाला आहे तो याच एका कारणाने. एकाने पुढे राहून दमायचे आणि दुसऱ्याने मागे राहून ताकद राखायची, ही देवाणघेवाण प्रत्येक निकालाच्या आत दडलेली असते. तक्त्यात मात्र ज्याने ताकद राखली त्याचेच नाव वर दिसते.

टूर डी फ्रान्ससारख्या शर्यतीत प्रत्येक संघाचे आठ सायकलपटू असतात. त्यांत साधारणपणे एक संघनायक, दोन-तीन चढणीवरचे सोबती, सपाट रस्त्यावर तासन्‌तास वेग राखणारे दोघे-तिघे दणकट गडी आणि कधीकधी एक स्प्रिंटर असतो. स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सर्वांत वेगाने धावणारा. त्याला त्या दोनशे मीटरच्या तोंडापर्यंत पोहोचवणारी माणसांची रांगही असते, आणि त्या रांगेतल्या शेवटच्या माणसाचा निकाल वाचणे फार उद्बोधक ठरते. २००९ च्या टूरचा शेवटचा टप्पा पॅरिसच्या शाँझेलिझेवर मार्क कॅव्हेन्डिशने जिंकला आणि दुसरा आला तो त्याला वेगाने पुढे आणून सोडणारा त्याचाच सहकारी मार्क रेनशॉ. आपले काम करून बाजूला झालेला माणूस जर जगातल्या इतर सगळ्या स्प्रिंटरांच्या पुढे राहत असेल, तर त्या संघाची रांग किती पुढे होती हे त्या दुसऱ्या क्रमांकावरून कळते. कॅव्हेन्डिशच्या पहिल्या क्रमांकावरून ते इतके स्पष्ट झाले नसते.

त्याच कॅव्हेन्डिशचे २०२४ चे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. त्या वर्षी टूरच्या पाचव्या टप्प्यात त्याने कारकिर्दीतला पस्तिसावा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मागे टाकला. परंतु त्या टूरची अंतिम क्रमवारी उघडली, तर त्याचे आणि घाटांत त्याच्यासोबत थांबणाऱ्या त्याच्या अस्ताना संघातल्या सहकाऱ्यांची नावे पार तळाशी सापडतात. वेळेच्या मर्यादेत त्याला रोज पोहोचवणे हेच त्यांचे काम होते. माझ्या मते ते काम त्या टूरमधल्या सर्वांत निष्ठेने केलेल्या कामांपैकी एक होते, आणि एकूण क्रमवारीचा तक्ता त्याचा उल्लेख केवळ शेवटचे क्रमांक म्हणून करतो.

भूमिका ओळखण्याची एक सोपी रीत आहे. संघाने जाहीर केलेली नावे घ्यावीत, प्रत्येकाने गेल्या दोन वर्षांत कोणत्या प्रकारच्या रस्त्यावर पहिल्या दहांत स्थान मिळवले ते पाहावे, आणि मग घाटाच्या टप्प्यांत कोणाचे फरक अचानक वाढतात ते तपासावे. एका घाटावर विजेत्यापासून ४० सेकंद मागे राहिलेला माणूस दुसऱ्याच दिवशी १८ मिनिटे मागे पडला, तर दोन शक्यता असतात: एक तर तो कोसळला, नाहीतर त्याने काम संपवून वेग सोडला. त्या दिवशी त्याचा संघनायक पुढच्या गटात होता का, एवढे पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो.

पायरी ४: शर्यतीचे दिवस मोजा

फॉर्म हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण सायकलिंगमध्ये त्याला ठोस आधार आहे. सायकलपटूचे शरीर वर्षभर एकाच उंचीवर राहू शकत नाही. संघाचे प्रशिक्षक दोन किंवा तीन शिखरे ठरवतात आणि मधल्या काळात विश्रांती, उंच डोंगरावरचे सराव शिबिर आणि काही तयारीच्या शर्यती बसवतात. म्हणून कोणत्याही आकड्याजवळ दोन गोष्टी लिहाव्यात: त्या तारखेपर्यंत वर्षात शर्यतीचे किती दिवस झाले, आणि मागची शर्यत किती दिवसांपूर्वी होती.

मॅथ्यू व्हान डर पूलने २०२४ चा रस्त्यावरचा मोसम मार्चच्या मध्यावर मिलान-सान रेमोने सुरू केला आणि तो दहावा आला. त्याआधी त्याच्या नावापुढे त्या वर्षी रस्त्यावरचा एकही निकाल नव्हता. मिलान-सान रेमो त्या दिवशी त्याच्याच अल्पेसिन संघाच्या यास्पर फिलिप्सनने जिंकली, म्हणजे त्या दहाव्या क्रमांकातही दुसऱ्यासाठी केलेले काम मिसळलेले होते. पुढच्या तीन आठवड्यांत त्याने ई-थ्री, टूर ऑफ फ्लँडर्स आणि पॅरिस-रूबे या तिन्ही शर्यती जिंकल्या. निकालांचा रकाना रिकामा आहे म्हणून फॉर्म नाही, असे अनुमान काढणाऱ्याला हे तीन आठवडे कधीच समजले नसते. हिवाळ्यात त्याने सायक्लोक्रॉसचे, म्हणजे चिखल-मातीच्या मार्गावरच्या सायकल शर्यतीचे, विश्वविजेतेपद जिंकले होते, आणि ती नोंद रस्त्याच्या शर्यतींच्या तक्त्यात येत नाही.

विजयांची संख्या वाचतानाही एक काळजी घ्यावी. तादेय पोगाचारने २०२४ मध्ये ५८ शर्यतीच्या दिवसांत २५ विजय मिळवले, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरे आहे. परंतु त्या २५ मध्ये कातालुन्या, जिरो आणि टूर या तीन शर्यतींची एकूण विजेतेपदेही मोजलेली आहेत. ती काढली, तर ५८ पैकी २२ दिवशी तो रेषेवर प्रथम पोहोचला असे दिसते. त्यानेही आकडा फिका पडत नाही, उलट तो अधिक थक्क करतो. पण दोन सायकलपटूंची तुलना करताना एकाचे एकूण विजय आणि दुसऱ्याचे केवळ टप्पे धरले जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा हिशोब करावा. सामान्य चांगल्या व्यावसायिक सायकलपटूला वर्षात एक-दोन विजय मिळाले तरी ते वर्ष चांगले मानले जाते, हेही मनात असू द्यावे.

पायरी ५: संघाचा फॉर्म मोजण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग विजयांच्या संख्येचा. २००९ मध्ये कोलंबिया-एचटीसी संघाने एका मोसमात ८५ विजय मिळवले होते आणि तो आकडा पुढे दीर्घकाळ मापदंड मानला गेला. २०२५ मध्ये यूएई टीम एमिरेट्सने नव्वदी ओलांडून तो मोडला. इथे संख्येपेक्षा तिची वाटणी अधिक बोलकी आहे. त्या नव्वदहून अधिक विजयांपैकी पोगाचारचे स्वतःचे २० होते, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा, आणि इसाक देल तोरोसारख्या तरुणाने दहाहून अधिक मिळवले. एखाद्या संघाचे निम्मे विजय एकाच माणसाचे असतील, तर त्या संघाचा फॉर्म म्हणजे त्या एका माणसाची प्रकृती असते. तो पडला की वर्ष संपले. म्हणून विजयांच्या आकड्याशेजारी ‘किती वेगवेगळ्या सायकलपटूंनी’ हा दुसरा आकडा लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा मार्ग यूसीआयच्या गुणांचा, आणि तो जरा जपून चालण्याचा आहे. २०२३ पासूनच्या गुणतक्त्यानुसार टूर डी फ्रान्सच्या विजेत्याला १३०० गुण मिळतात, मिलान-सान रेमो किंवा पॅरिस-रूबेसारख्या पाच महान एकदिवसीय शर्यतींपैकी एकीच्या विजेत्याला ८०० आणि टूरचा एक टप्पा जिंकणाऱ्याला २१०. आता खाली पाहा. ‘१.१’ दर्जाची छोटी एकदिवसीय शर्यत जिंकली तर १२५ गुण मिळतात, पण ‘२.१’ शर्यतीतला एक टप्पा जिंकला तर फक्त १४. अशा दोन छोट्या एकदिवसीय शर्यती जिंकणारा संघ टूरचा टप्पा जिंकणाऱ्या संघापेक्षा अधिक गुण कमावतो, हे प्रथम वाचताना पटत नाही. पण नियम तसाच आहे आणि संघ त्यानुसार वागतात.

वर्ल्डटूरच्या १८ जागा तीन-तीन वर्षांच्या गुणांवर ठरतात, त्यामुळे तळाशी असलेल्या संघांसाठी हे गुण अस्तित्वाचा प्रश्न होतात. २०२२ च्या अखेरीस लोटो-सुदाल आणि इस्राएल-प्रीमियर टेक हे दोन संघ या हिशोबात खाली गेले. अस्ताना २०२३ आणि २०२४ मध्ये फार मागे पडला होता; २०२५ मध्ये त्याने छोट्या शर्यतींत दोन-तीन सायकलपटूंना एकाच वेळी पहिल्या दहांत आणण्याची शिस्त धरली आणि जागा वाचवली. त्या वर्षीची अस्तानाची गुणसंख्या पाहून ‘टूरमध्ये हा संघ आघाडीवर असेल’ असे कोणी म्हटले असते तर ते चुकले असते. त्या संघाने चांगली मेहनत घेतली होती, पण ती वेगळ्या ध्येयासाठी होती. संघ एकाच शर्यतीत एका नायकामागे उभा राहतो आहे, की तिघांना आपापल्या जागेसाठी मोकळे सोडतो आहे, हे निकालात लगेच दिसते: पहिल्या प्रकारात एक नाव वर आणि बाकीची खूप खाली असतात, दुसऱ्या प्रकारात पाचवा, आठवा, अकरावा अशी नावे सापडतात.

तिसरा मार्ग सांघिक क्रमवारीचा. टूरमध्ये प्रत्येक टप्प्यात संघाच्या पहिल्या तिघांच्या वेळा मिळवून ही क्रमवारी काढतात. नावावरून ती संघाची खरी ताकद सांगत असेल असे वाटते, पण २०१९ ची टूर आठवावी. मोव्हिस्टारने सांघिक क्रमवारी जिंकली. त्यांचे लांडा, किंताना आणि व्हाल्व्हर्दे अनुक्रमे सहावे, आठवे आणि नववे आले. विजयमंचावर मात्र त्यांच्यापैकी कोणी नव्हते. पहिल्या दोन जागा इनिऑसच्या एगन बर्नाल आणि गेरेंट थॉमस यांनी घेतल्या. सांघिक क्रमवारी संघाची खोली सांगते. ती खोली कोणाच्या कामी आली, हे ती सांगत नाही. मी स्वतः हिला तिसऱ्या आठवड्यात महत्त्व देतो, कारण तेव्हा ती थकव्याची कल्पना देते, आणि पहिल्या आठवड्यात तिच्याकडे फारसे पाहत नाही.

पायरी ६: जून २०२४ मधील दोन संघ शेजारी मांडून पाहा

हे सगळे एकत्र कसे वापरायचे, हे समजण्यासाठी २९ जून २०२४ रोजी फ्लॉरेन्समध्ये सुरू झालेल्या टूरच्या आदल्या आठवड्यात जाऊ या. एका बाजूला पोगाचारचा यूएई संघ होता आणि दुसऱ्या बाजूला विंगेगार्डचा व्हिस्मा.

पोगाचारने मे महिन्यात जिरो ९ मिनिटे ५६ सेकंदांनी जिंकली होती आणि त्यानंतर टूरपर्यंत तो एकाही शर्यतीत उतरला नाही. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या ताज्या निकालांवरून काही कळत नव्हते. जिरोचा थकवा उतरला आहे की नाही, हा प्रश्न उघडाच होता. पण त्याच्या सोबत्यांचे निकाल उपलब्ध होते. जूनमध्येच टूर द स्विसमध्ये अ‍ॅडम येट्स पहिला आणि जुआंव आल्मेडा दुसरा आला होता. नायकाच्या निकालांचा रकाना रिकामा असताना त्याच्या चढणीवरच्या सोबत्यांची नावे विजयमंचावर दिसणे, हे संघाच्या फॉर्मचे सर्वांत विश्वसनीय लक्षण आहे असे मी मानतो.

व्हिस्माची वही उघडली तर वेगळे चित्र दिसत होते. विंगेगार्ड ४ एप्रिल रोजी बास्क प्रदेशातल्या शर्यतीत भीषण अपघातात सापडला होता. बरगड्या मोडल्या होत्या आणि फुफ्फुसाला इजा झाली होती. त्या दिवसापासून टूरच्या सुरुवातीपर्यंत त्याच्या नावापुढे शर्यतीचे शून्य दिवस होते. वाउट व्हान आर्ट मार्चअखेरच्या अपघातातून सावरत होता. आणि ज्याच्यापासून हा लेख सुरू झाला, तो सेप कुस कोविडमुळे संघातूनच बाहेर पडला होता. मॅटेओ जॉर्गेन्सन मात्र डॉफिने शर्यतीत केवळ ८ सेकंदांनी दुसरा आला होता, म्हणजे एक सोबती उत्तम अवस्थेत होता, पण त्याच्या जोडीला दुसरा नव्हता.

या नोंदींवरून यूएईचा संघ अधिक भक्कम आहे असे म्हणता आले असते, आणि तसेच झाले. पोगाचारने सहा टप्पे जिंकले आणि टूर ६ मिनिटे १७ सेकंदांनी घेतली. आल्मेडा चौथा आणि येट्स सहावा आला. पण याच नोंदींवरून विंगेगार्डला मोडीत काढणाऱ्याची चूक झाली असती. अकराव्या टप्प्यात ल लिओराँ येथे त्याने पोगाचारला समोरासमोरच्या स्प्रिंटमध्ये हरवले आणि शेवटी तो दुसरा आला. शून्य दिवस म्हणजे माहिती नाही, आणि माहिती नाही याचा अर्थ फॉर्म नाही असा कधीही घेऊ नये. अशा जागी वहीत कमकुवत असे न लिहिता प्रश्नचिन्ह काढावे.

पायरी ७: चढणीच्या वेळा, आणि त्या वापरताना घ्यायची काळजी

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्यामुळे घाटावरची लढत वेगळी मोजण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. घाटावर वेग कमी असल्याने वाऱ्याचा आडपडदा कमी होतो आणि सायकलपटूची खरी ताकद अधिक स्वच्छ दिसते. म्हणून तज्ज्ञ मंडळी ताशी किती मीटर उंची चढली, हे काढतात.

उदाहरण करून पाहू. पिरेनीज पर्वतातल्या प्लाटो द बेय या चढणीची लांबी १५.८ किलोमीटर आणि सरासरी चढ ७.९ टक्के आहे. गुणाकार केला की सुमारे १२५० मीटर उंची मिळते. २०२४ च्या टूरच्या पंधराव्या टप्प्यात पोगाचारने ती सुमारे ४० मिनिटांत पार केली, म्हणजे ताशी सुमारे १८७० मीटर. १९९८ मध्ये मार्को पंतानीला तिथे साधारण साडेत्रेचाळीस मिनिटे लागली होती, म्हणजे ताशी सुमारे १७२० मीटर. २०२४ च्या त्या दिवशी दुसरा आलेला विंगेगार्ड पोगाचारच्या ६८ सेकंद मागे होता, तरीही पंतानीच्या वेळेपेक्षा तो बराच वेगवान ठरला. शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती वॉट शक्ती लागली, याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर चढाच्या टक्क्यांची दहापट करून त्यात २०० मिळवावेत आणि ताशी उंचीला त्या संख्येने भागावे. इथे १८७० भागिले २७९, म्हणजे सुमारे ६.७.

हा आकडा हाती आला की त्यावर इमारत उभी करण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा. त्या दिवशी चढणीचा पहिला भाग व्हिस्मानेच जोरात ओढला होता आणि मग विंगेगार्डने हल्ला चढवला, त्यामुळे पोगाचार बराच काळ दुसऱ्याच्या चाकामागे होता. सव्वीस वर्षांत सायकली, टायर आणि शर्यतीदरम्यानचा आहार पूर्ण बदलला आहे, आणि १९९८ ची टूर तर उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणाने हादरलेली होती, म्हणून दोन काळांची तुलना करून कोणाविषयीही निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्याच शर्यतीत, त्याच दिवशी, त्याच चढणीवर चढलेल्या दोघांची तुलना मात्र खुशाल करावी. एकदिवसीय शर्यतींचा सरासरी वेग तर मी फॉर्मसाठी वापरतच नाही: २०२४ ची पॅरिस-रूबे ताशी ४७.८ किलोमीटरच्या विक्रमी वेगाने झाली, पण तो आकडा मागून येणाऱ्या वाऱ्याविषयी आणि अखंड पाठलागाविषयी जितके सांगतो, तितके कोणा एका सायकलपटूविषयी सांगत नाही.

पायरी ८: वही कशी ठेवावी

निकाल, शर्यतीचे दिवस आणि संघांच्या याद्या प्रोसायक्लिंगस्टॅट्स आणि फर्स्टसायक्लिंग या दोन संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. पण तिथला तयार ‘फॉर्म’ क्रमांक उतरवून घेऊ नये. तो गुणांवर बेतलेला असतो आणि पाचव्या पायरीत पाहिल्याप्रमाणे गुणांना स्वतःचे कल असतात. सुरुवातीला एकच शर्यत निवडावी, शक्यतो जूनमधली एक आठवड्याची तयारीची शर्यत, आणि तीनच संघ निवडावेत. सगळ्या वीस-बावीस संघांच्या नोंदी ठेवायला घेणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात वही मिटतो.

प्रत्येक संघासाठी एक पान असावे. पानाच्या डोक्यावर संघनायकाचे नाव, वर्षातले शर्यतीचे दिवस आणि शेवटच्या शर्यतीची तारीख लिहावी. त्याखाली बाकीच्या सायकलपटूंची नावे आणि प्रत्येकासमोर त्याचे काम एका शब्दात: चढण, सपाट, स्प्रिंट, मोकळा. मग टप्पा संपला की क्रमांक न लिहिता आधी हे लिहावे की शेवटच्या मोठ्या चढणीच्या पायथ्याशी नायकासोबत त्याच्या संघाचे किती जण उरले होते. दूरचित्रवाणीवर ते सहज मोजता येते, कारण पायथ्याशी कॅमेरा बराच वेळ गटाच्या तोंडावर असतो. क्रमांक आणि फरक त्यानंतर लिहावेत. चार-पाच टप्प्यांनंतर ज्या पानावर हा आकडा तीन, तीन, दोन, तीन असा टिकून आहे ते, आणि ज्या पानावर तो तीनवरून एकवर घसरला आहे ते, अशी दोन पाने शेजारी ठेवावीत.

शेवटी एक तांत्रिक सूचना. संघ जाहीर करतात ती पहिली यादी अंतिम नसते. आजारपण आणि दुखापतींमुळे आदल्या दिवसापर्यंत नावे बदलतात, कुसचे २०२४ मध्ये बदलले तसे. म्हणून पानावरची नावे पेन्सिलीने लिहावीत आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी अंतिम यादीशी ताडून पाहावीत. चढणीच्या सोबत्यांपैकी एखादे नाव गळले असेल, तर त्या जागी कोण आले आणि त्याचे काम तेच आहे का, हे पाहिल्याशिवाय पान पूर्ण झाले असे धरू नये.